खर्ड्याची ऊबपेटी

नगरच्या एमआयडीसीत बिभीषण ढाकणेंनी कारखाना काढला तेव्हा तिथं एक पत्र्याची शेड आणि मूठभर माणसं होती. १९९६ साल उजाडेपर्यंत शेजारचा गाळाही घ्यावा लागला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या टेम्पो भरभरून दवाखान्यांना जात होत्या. कामाची अशी झिंग चढली होती की लोक एका हातानं डबा खात आणि दुसऱ्या हातानं वायरी सोलत. प्रज्ञा साळवे त्यातलीच. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली, पेट्या तपासायची. तिच्या हातून गेलेली पेटी परत येत नाही, असा तिचा लौकिक होता.

आणि खर्डा गावच्या दवाखान्यातली पेटी परत आली.

"लाईट गेली की तुमच्या पेटीचं कपाट होतं," तिथल्या डॉक्टर भारतीताई फोनवर कडाडल्या. "आणि इथं लाईट रोज जाते."

"दुसरी पाठवू," बिभीषणसर म्हणाले.

"दुसरीही तेच करील, सर," प्रज्ञा म्हणाली. "ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालेल अशी करू."

"हीटर बॅटरी पिऊन टाकतो गं. तासाभरात ठणठणगोपाळ."

"मग आतली ऊब बाहेर पळू द्यायची नाही."

सरांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. "बोल."

ती बोलली, आणि सगळा कारखाना कामाला लागला. पहिली पेटी गार पडली. दुसरीत वाफ धरली, आतलं काही दिसेना. काकासाहेब फिटरनं दुहेरी भिंतीचं झाकण केलं, प्रज्ञानं लहान हीटर बसवला, सरांनी पंख्याचा वेग तीनतीनदा बदलला. सकाळी लाईटवरून काढून बॅटरीला जोडलेली पेटी संध्याकाळीही तशीच उबदार निघाली, तेव्हा काकासाहेबांनी आत हात घातला आणि नुसतीच शिट्टी मारली.

सर आणि प्रज्ञा ती पेटी घेऊन खर्ड्याला पोचले, तर दवाखान्यात धावपळ. ऊसतोडीहून परतलेल्या सुरेखाला दिवस भरायच्या आतच मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढं बाळ तिची सासू रंगुबाई छातीशी धरून बसली होती.

"वेळेवर आलात, लावा!" भारतीताई म्हणाल्या.

प्रज्ञानं पेटी तापवून, तपासून दिली. ताईंनी बाळ आत ठेवलं. दुपारी डोक्यावरचा पंखा घरघरला आणि थांबला.

"गेली का लाईट?" रंगुबाईचा आवाज कापला. "आता माज्या लेकराचं कसं?"

प्रज्ञानं पेटीकडे बोट दाखवलं. तिचा हिरवा दिवा बॅटरीवर जळतच होता. "आजी, हात धुवून या. आत घालून बघा."

रंगुबाईनं पेटीच्या खिडकीतून भीतभीत हात सरकवला. "आगं बया! ऊन हाय की! सुरेखा, लई ऊन हाय!"

भारतीताईंनी थर्मामीटर लावून बाळाच्या अंगाची ऊब पाहिली, पुन्हा पाहिली. "उतरली नाही जरासुद्धा. आणि पाय बघा, गुलाबी व्हायला लागलेत."

बिभीषणसर चष्मा पुसायला व्हरांड्यात गेले. प्रज्ञा पेटीपाशीच उभी राहिली. आजवर तिनं शेकडो पेट्या तपासल्या होत्या, पण आत बाळ असलेली ही पहिलीच.

अंगानं भरलेली पोर सुरेखानं घरी नेली, तोवर जामखेड, पाथर्डी आणि थेट भंडारदऱ्याकडून मागण्या आल्या होत्या. नवी शेड उभी राहिली. सरांनी सगळ्यांसमोर तिच्या किल्ल्या प्रज्ञाच्या हातात दिल्या. मग तिथं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ती आधी एखाद्या आडगावच्या दवाखान्यात पाठवू लागली. दिवसभर तिथं बसा म्हणायची, लाईट जाताना बघा, मग पेटीला हात लावा.