गुदामामागचे चार खोके

मंगळवारी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी गुदामाच्या दाराच्या फटीवर शेवटची चिकटपट्टी बसली. आत हरभऱ्याची चारशे पोती आणि भुंगा मारायच्या गोळ्या होत्या. गोळ्यांतून निघणारा वायू भुंग्याला मारतो, उंदराला मारतो आणि आत गेलेल्या माणसालाही. दार पुढच्या मंगळवारपर्यंत उघडायचं नव्हतं.

दार लावण्याआधी व्यंकटीने विचारलं होतं. गोळ्या टाकायचं काम तो अकरा वर्षांपासून करतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो.

"अक्का, आत मांजर-बिंजर न्हाई ना?"

"न्हाई," गुदाममालक मल्लिनाथअप्पांच्या पत्नी उमादेवी म्हणाल्या. "पिल्लं खोक्यात हायत."

"बघितलं?"

"खोक्यातच हायत की."

व्यंकटीने दार ओढून घेतलं.

खोके चार होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उदगीरचा पारा नऊ अंशांवर आला, तेव्हा गुदामामागच्या नालीच्या काठावर सकाळी मांजराची दोन पिल्लं ताठ झालेली सापडली. त्याच दुपारी उमादेवींनी मेडिकलवाल्याकडून थर्माकोलचे रिकामे खोके मागून आणले. औषधं बर्फात घालून येतात, तसले. ताटली ठेवून एका बाजूला गोल आखलं, सुरीने कापलं. बाहेरून प्लास्टिकचं पोतं गुंडाळलं. खाली दोन-दोन विटा, तोंड भिंतीकडे, तोंडावर गोणपाटाचा पडदा. पहिल्या खोक्यात जुनं लुगडं अंथरलं होतं. ते दवाने ओलं झालं आणि दुपारपर्यंत वाळलं नाही. मग लुगडं काढून चारही खोक्यांत गव्हाचं काड भरलं.

"चार खोल्या बांधल्या," मल्लिनाथअप्पा म्हणाले होते. "आता नळाचं कनेक्शन घे. घरपट्टी माझ्या नावावर येऊ दे."

"तुमच्या नावावर नगं, मांजरांच्या नावावर येऊ दे. ते उंदीर तरी धरतेत."

दार लावण्याआधीच्या शुक्रवारी करड्या मांजरीने तीन पिल्लं तोंडात धरून दुसऱ्या खोक्यात नेली. उमादेवींनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्यानंतर त्यांनी पडदा उचलला नाही. माणसाची नजर पडली की मांजर पिल्लांचं घर बदलते, सात घरं बदलते, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. दुधात कुस्करलेली भाकरी चार हात लांब ठेवायची आणि मागं न बघता घरात यायचं, असं त्यांनी चार दिवस केलं. थाळी रोज रिकामी होत होती.

रविवारपासून मंगळवारपर्यंत पोती लावायला गुदामाचं दार दिवसभर उघडं होतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता करडी मांजर गुदामाच्या मागच्या भिंतीशी बसलेली दिसली. वर झरोका होता, त्यावर कागद चिकटवलेला. मांजर ओरडत होती. भाकरीला तिने तोंड लावलं नाही. उमादेवींनी दुसऱ्या खोक्याचा पडदा उचलला. काडात मधोमध खळगा होता. खळग्यात काही नव्हतं. त्यांनी बाकीचे तीन पडदे उचलले. तिथलं काड जसं भरलं होतं तसंच होतं.

व्यंकटी त्या दिवशी अहमदपूरला दुसऱ्या कामावर होता. उमादेवींनी फोन लावला.

"उघडायचं का?"

"अक्का, दोन दिवस झालेत. आता उघडून काय मिळंल?" तो पुढं म्हणाला, "मांजरीच्या सडाकडं बघा. दुधानं तटलेले असले तर पिल्लं पित न्हाईत. मऊ असले तर दुसरीकडं कुठंतरी ठिवलीत. तुम्ही म्हणल्या म्हणून मी..."

"हाव. मीच म्हणले."

मांजर जवळ येऊ देत नव्हती. तीन पावलांवर गेलं की भिंतीवर चढायची.

मल्लिनाथअप्पांनी सगळं ऐकलं. "दार कोण उघडणार? मी जाऊ आत?"

"मी जाते."

अप्पांनी खिळ्यावरची गुदामाची किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. खिशाचं बटण लावलं. मग जेवायला बसले. उमादेवींनी त्यांना वाढलं, पातेलं घासलं, कोथिंबीर निवडली. दुपारी त्यांनी चारही खोक्यांतलं काड बदललं.

शनिवारी शेजारची गंगम्मा भिंतीपलीकडून म्हणाली, "उमाक्का, आमच्या शेडात चिंव चिंव आल्यासारखं झालं पहाटं."

"मांजराचं?"

"मांजराचं म्हणू का घुशीचं म्हणू. एकदाच आलं. कडबा लई हाय, कोण उपसणार?"

"मी उपसते."

"उपसा की. पण आता मी निघाले, लेकीचा फोन आलाय. आल्यावर बघू."

शनिवारी दुपारपासून मांजर दिसली नाही. रविवारी आणि सोमवारी भाकरी थाळीत वाळली. चौथ्या खोक्यात एक पिवळा बोका येऊन झोपू लागला. उमादेवींनी त्याच्यासाठी वेगळी भाकरी टाकली नाही, त्याला हाकललंही नाही.

मंगळवारी सकाळी दहा वाजता व्यंकटीने तोंडाला मास्क लावून गुदामाचं दार उघडलं आणि झरोक्यांचे कागद फाडले. तो आत गेला नाही. हवा खेळायला रात्र जाऊ द्यावी लागते, आत जायचं बुधवारी सकाळी. दारातून पोत्यांच्या पुढच्या दोन ओळी दिसत होत्या. मागं अंधार होता. उमादेवी वीस पावलांवर उभ्या होत्या. व्यंकटीने त्यांना आणखी मागं जायला सांगितलं, त्या गेल्या.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी करडी मांजर भिंतीवर आली. तोंड रिकामं होतं. तिने उघड्या दाराकडे पाहिलं, मान वळवली आणि गंगम्माच्या बाजूला उतरली. उमादेवी रस्त्याने वळसा घालून तिथं गेल्या. शेडाला कुलूप होतं. पत्र्याला कान लावून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पण पलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. गंगम्मा निलंग्याला लेकीकडे आहे. ती गुरुवारी येणार आहे. उमादेवींनी तिला दोनदा फोन लावला, तिने उचलला नाही.