चासीवरच्या एकोणीस खुणा

मुंबईहून आलेले सेठ शरदच्या मल्हारगंजातल्या शेडमध्ये गाडीभोवती तिसरी फेरी मारत होते. माझा धाकटा भाऊ शरद उगाचच फडक्याने हात पुसत होता.

नाना, म्हणजे आमचे वडील कृष्णराव, खुर्चीवर बसले होते. संस्थानाच्या मोटारखान्यात शिकारीची गाडी तेच चालवत. एकसष्ट साली ना संस्थान उरलं होतं, ना मोटारखाना; पण जुन्या गाड्यांच्या बाजारात नानांच्या पत्राला मान होता. 'ही मोटारखान्यातलीच' असं त्यांनी लिहून दिलं, की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे. आजवर तीन पत्रं त्यांनी दिली होती, चार जणांना नाही म्हटलं होतं.

ही काही नानांची शिकारीची गाडी नव्हती. त्याच कंपनीची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सांवेरहून आणून शरदने तिच्यावर सगळा पत्रा नव्याने ठोकला होता. हे मला माहीत होतं. नानांना नव्हतं, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"बाबूजी, बस एक बार हाथ लगाकर कह दीजिए," सेठ म्हणाले.

"सीट काढ," नाना शरदला म्हणाले.

"काढूनच ठेवली आहे, नाना. आरामात बघा."

दर दसऱ्याला पूजा झाली की नाना ड्रायव्हरच्या सीटखाली चासीवर छिन्नीने एक खूण करत. स्वतःच्या हाताने, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ते आता गुडघ्यावर बसले आणि बोटं लोखंडावरून सरकवू लागले. ओठ हलत होते. सहा. सात.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या खुणा शरदने कोरल्या होत्या. महिन्यापूर्वी शरदने विचारलं होतं, "ताई, नानांच्या गाडीने दसरे किती बघितले गं?" मी प्रयोगवह्या तपासत होते. नानांनी ती गाडी चालवली एकवीस ते एकोणचाळीस. वजाबाकी केली, दोन्ही टोकं धरायची म्हणून एक मिळवला. एकोणीस. कशाला हवंय, ते विचारलं नाही.

पण चौतीस साली आई नवमीला गेली. दसऱ्याला घरात सुतक होतं. नाना मोटारखान्यात गेलेच नव्हते. शरद तेव्हा तीन वर्षांचा होता, मी आठ.

सोळा. सतरा. अठरा.

बोट पुढे सरकलं आणि एकोणिसाव्या खुणेवर थांबलं. नानांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"क्या हुआ, बाबूजी?"

"नाना, धूळ असेल तिथे," शरद घाईने म्हणाला. "ताई, सांग ना त्यांना."

मला हो म्हणणं जमत नव्हतं आणि नाही म्हणायचं धैर्य नव्हतं.

नाना उठले. शरदकडे नाही, माझ्या दिशेने तोंड करून उभे राहिले. या घरात हिशेब कोण करतं, हे त्यांना माहीत होतं.

"तुझी आई गेली त्या वर्षी मी पूजा केली होती का, कमल?"

"नाही, नाना."

शरदच्या हातातलं फडकं थांबलं.

"कागद घे," नाना म्हणाले. "लिही. गाडी ती नव्हे. पत्रा माझ्या मुलाने ठोकला आहे, काम पक्कं आहे. चासी कुठली रे?"

शरदने फडकं खांद्यावर टाकलं.

"कुठली, विचारतोय मी."

"सांवेरची," शरद पुटपुटला.

मी लिहिलं. नानांनी चाचपडत सही केली आणि कागद सेठच्या हातात दिला. सेठने तो दोनदा वाचला, घडी घालून बॉनेटवर ठेवला आणि निघण्यासाठी आपल्या ड्रायव्हरला हाक मारली.