चौदा ग्रॅम धूळ

यंत्राच्या पोटातली धूळ रंजीतानं वर्तमानपत्रावर उपडी केली आणि मोजायला बसली. लांब केस अकरा. तांदळाचे दाणे चार. शर्टाचं एक बटण, एक मेलेला मुंगळा, शेंगदाण्याची दोन टरफलं. बाकी सगळी काळी, मऊ भुकटी. दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा तिनं कपाटातून काढून ठेवलाच होता. आकडा थोडा हलला आणि थांबला. चौदा पूर्णांक दोन.

"बघा अन्नपूर्णाबाई," ती म्हणाली. "सकाळी आठला तुम्ही झाडून गेल्या. तीनला यानं एवढं काढलं."

अन्नपूर्णाबाई संध्याकाळच्या भांड्यांना आली होती. ओले हात पदराला पुसत ती कागदाजवळ आली. दारात शेजारच्या शगुफ्ताभाभी उभ्या होत्या. आपोआप फिरून झाडणारं यंत्र बघायला त्यांना रंजीतानंच बोलावलं होतं.

"पलंगाखालून पन काढलं होतं मी," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"मी नाई म्हणत बाई. काटा म्हणून राह्यला."

रंजीताला ते वाक्य त्या क्षणी चांगलं जमल्यासारखं वाटलं. शगुफ्ताभाभींनी वाकून धूळ पाहिली, आणि आमच्याकडेही हीच झाडते, एवढंच हळू आवाजात बोलून त्या निघून गेल्या.

घुग्घुसच्या त्या क्वार्टरमध्ये अन्नपूर्णाबाई सात वर्षं येत होती. दिवाळीत सुनिलनं, रंजीताच्या नवऱ्यानं, हे यंत्र आणलं तेव्हा सगळ्यात जास्त हसली ती हीच बाई. तिनं त्याला कासव नाव ठेवलं. कासव भिंतीला धडकलं की "अरे, डोळे हायेत का नाई तुले" म्हणायची, आणि झाडताना त्याला ओलांडावं लागलं तर आधी बाजूला सरकवायची. जेवणाऱ्याला ओलांडू नये म्हणे. त्या संध्याकाळी तिनं भांडी पूर्ण केली, पालथी घालून ठेवली, आणि दारामागचा आपला झाडायचा शिंदीचा फडा काखेत मारून गेली. तो फडा ती कधीच घरी नेत नसे. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच आठवड्यात शगुफ्ताभाभींनी तिला कामाला येऊ नको म्हणून सांगितल्याचं रंजीताला कळलं, आणि तेव्हाही तिला आपलं काही चुकलंय असं वाटलं नाही.

चूक सापडली ती प्रयोगशाळेत. रंजीता सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत हवेतली धूळ मोजायचं काम करते. काम सोपं आहे. वजन केलेला गोल कागद यंत्रात घालायचा, त्यातून हवा ओढायची, कागद पुन्हा तोलायचा. पण त्याआधी दुसरा एक कागद नुसताच उघडा ठेवायचा असतो. कोणी काही न करता त्यावर किती बसतं, ते आधी कळलं पाहिजे. रजिस्टरमध्ये तो रकाना सगळ्यात पहिला. सहा वर्षं ती तो रोज भरत आली होती. पुढच्या सोमवारीही तिनं आकडा लिहिला, आणि पेन तसंच कागदावर टेकलेलं राहिलं. घरी तिनं हा रकाना भरलाच नव्हता. आठ ते तीन, सात तास. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून कोळशाचे ट्रक जातात.

कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झाल्यासारखं तिला वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं बरं नाही का म्हणून विचारलं, तेव्हा ऊन लागलं म्हणाली. डिसेंबर होता.

रविवारी तिनं सकाळी घर झाडलं, मग काही निघेनासं होईपर्यंत यंत्र दोनदा फिरवलं. आठ वाजता दाराला कुलूप लावून ती आणि सुनिल बाहेर पडले. खिडकी रोजच्यासारखी नुसती लावलेली होती. तीनला परत येऊन यंत्र फिरवलं, धूळ काढली. केस नाही, दाणा नाही, बटण नाही. नुसती काळी भुकटी. तेरा पूर्णांक नऊ.

अन्नपूर्णाबाईचं घर रेल्वे सायडिंगच्या पलीकडे होतं. रंजीता गेली तेव्हा ती अंगणात शिंदीची पानं चिरून नवा फडा बांधत होती. तिनं खाट पुढे सरकवली, चहा ठेवला. सुनिलभाऊ बरे आहेत का, कासव चालतं का, सगळं विचारलं. वाटेत जुळवलेल्या वाक्यांपैकी रंजीताला एकही आठवलं नाही.

"माझं चुकलं बाई. तुमचं झाडणं बरोबर होतं. मोजणं माझं चुकलं."

अन्नपूर्णाबाईनं दोरीची गाठ दातानं आवळली. "तुमचं मोजनं मले समजत नाई, ताई. पन भाभीसमोर काऊन बोलल्या? आपन दोघीच असतो तं मी हासून सोडलं असतं."

शगुफ्ताभाभींना मी आजच जाऊन खरं सांगते, तुम्ही पुन्हा या, असं रंजीता कसंबसं म्हणाली. अन्नपूर्णाबाईनं नकारार्थी मान हलवली. शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला लागलं होतं. तिथं बरं हाय, म्हणाली. पोरं खातात आणि ताटं घेऊन पुन्हा येतात.

निघताना ती फाटकापर्यंत आली.

"खिडकीले ओला फडका लावत जा. खालच्या फटीत, दाबून. मी लावत होती."

रंजीताला तो फडका आठवला. यंत्र आलं त्या आठवड्यात फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकलेलं दिसलं होतं, आणि यंत्राच्या पुस्तिकेत फरशी कोरडी हवी असं लिहिलेलं होतं. फडकी खिडकीत वाळत घालत जाऊ नका, असं तिनं सांगितलं होतं. "तो वाळाले नाई ताई," असं बाई म्हणाली होती. पण तेव्हा रंजीता मोबाइलवर यंत्राचं वेळापत्रक लावत होती.

त्या संध्याकाळी ती आधी शगुफ्ताभाभींकडे गेली. उंबऱ्यावर उभं राहूनच सगळं सांगितलं, काळ्या भुकटीसकट. त्यांनी अच्छा म्हटलं. त्यांचंही यंत्र परवा येणार होतं.

पुढच्या रविवारी रंजीतानं जुन्या साडीचा पट्टा फाडला, भिजवला, पिळला. खिडकी लावून खालच्या फटीत दाबून बसवला. त्याखाली पाण्यासाठी ताटली ठेवली. आठ वाजता घराला कुलूप लावलं. तीनला परत येऊन यंत्र फिरवलं, धूळ कागदावर उपडी केली आणि काट्यावर ठेवली.

चार पूर्णांक सहा ग्रॅम.