परीक्षितच्या गावाबाहेर एक आठवडा

मी एक तंबू आहे. हिरवा, तीन माणसांचा. सध्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात एका घराच्या मागच्या अंगणात उभा आहे. उभा म्हणजे कसाबसा. माझी एक काठी वाकली आहे आणि मागच्या कोपऱ्यातलं कापड बुरशीनं काळं पडलं आहे. उद्या सकाळी मोठ्या कचऱ्याची गाडी येणार आहे. त्याआधी जे घडलं ते सांगून टाकतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. शिवणाऱ्या बायांचे हात सोडले तर तिथलं मला काही आठवत नाही. रूट ४६ वरच्या एका दुकानातून मोरेश्वररावांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांचा मुलगा परीक्षित शाळेत होता. "या समरला डेलावेअरला जायचं, नदीकाठी राहायचं," असं त्यांनी त्याला कबूल केलं होतं. त्या समरला ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. पुढच्या समरला दुसरं. मोरेश्वरराव पुण्याहून आलेले इंजिनिअर, नोकरीच्या व्हिसावरचे. नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. मी गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या स्नो शव्हेलच्या मागे पडून राहिलो आणि परीक्षित मोठा होऊन गेला.

गॅरेज ही घरातली ऐकण्याची जागा आहे, हे माणसांना ठाऊक नसतं. खासगी फोन तिथेच येऊन करतात. परीक्षितला अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरी लागली, तो आनंद मी तिथेच ऐकला. पुढे त्याला सकाळी अंथरुणातून उठवेना, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हे त्याची आई शुभाताई आपल्या बहिणीला रडत सांगत होत्या, तेही तिथेच. परीक्षितनं नोकरी सोडली. मित्राबरोबर आठ दिवसांसाठी म्हणून मेक्सिकोतल्या एका लहानशा जुन्या गावात गेला आणि तिथेच राहिला. एका सुताराच्या हाताखाली कामाला लागला.

मोरेश्वररावांना हे कुणाला सांगवेना. मराठी मंडळात कुणी विचारलं की म्हणायचे, "टेक्सासला असतो. मोठा प्रोजेक्ट आहे." कुणीतरी परीक्षितला त्याबद्दल अभिनंदनाचा मेसेज पाठवला. मग एक फोन आला. मोरेश्वरराव माझ्याशेजारी उभे राहून ऐकत होते. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, मी टेक्सासला कधी गेलो?"

त्यानंतर परीक्षितचा त्यांना फोन आला नाही. आईशी तेवढा बोलायचा.

या जानेवारीत शुभाताईंनी मला स्वतः बाहेर काढलं. "परीक्षितच्या गावी जाऊ, पण हॉटेल नको," त्या म्हणाल्या. "हॉटेलात उतरलो तर पाहुणे होऊ. गावाबाहेर कॅम्पिंगची जागा आहे. आपण आपले निवांत राहू. त्याला कळवते. वाटलं तर येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर आपण व्हेकेशनला गेलो होतो."

तर असा मी त्या गावी पोचलो. त्याचं नाव मोरेश्वरराव दर वेळी निराळं उच्चारत, म्हणून मी ते सांगत नाही. गावाबाहेर काटेरी झाडांचं एक आवार होतं, त्यात मला ठोकलं. समोर टेकडी उतरून गेलं की गाव. पांढऱ्या भिंती, चर्चचे मनोरे, कमानींच्या रांगा. दिवसा कोवळं ऊन असे आणि पहाटे दंवानं माझं छत ठिबके. कसली घाई नव्हती, कसला अलार्म नव्हता. शुभाताई सकाळी छोट्या शेगडीवर चहा करायच्या. मोरेश्वरराव घडीच्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे. कुणी दिसलं की पाय खाली घ्यायचे, तो माणूस वळून गेला की पुन्हा पसरायचे.

"गावात चक्कर मारून येऊ या का?" शुभाताई विचारायच्या.

"कशाला? तो इकडे आला आणि आपण नसलो तर?"

खरं कारण ते नव्हतं. सुताराच्या दुकानात कमरेला एप्रन बांधलेला मुलगा त्यांना पाहायचा नव्हता. शुभाताईंना हे कळत होतं. त्या एकट्याच चौकात जाऊन संत्री घेऊन यायच्या.

आठवडा अर्धा सरला तेव्हा एका दुपारी परीक्षित आला. उन्हानं रापला होता, दाढी वाढली होती, केसांत लाकडाचा भुसा होता. शुभाताईंनी त्याला जवळ घेतलं आणि लगेच पिठलं टाकायला बसल्या. पीठ त्यांनी घरून आणलं होतं. बापलेक समोरासमोर बसले.

"हा तोच टेंट ना?" परीक्षितनं माझ्या कापडावरून हात फिरवला. हात खरखरीत होता. "डेलावेअरवाला?"

"हो. राहूनच गेलं ते."

"इट्स ओके, बाबा."

मोरेश्वररावांनी घसा साफ केला. "इथे सागवान मिळतं का रे?"

"नाही. मेस्कीट वापरतो आम्ही. कडक असतं खूप. जुन्या घरांची दारं आहेत ना, दोनशे वर्षांपूर्वीची, ती सगळी खालून कुजलेली असतात. तेवढाच भाग कापून नवीन बसवायचा. जॉइंट दिसला नाही पाहिजे." बोलता बोलता त्याचा चेहरा खुलला. "उद्या दाखवतो. चर्चच्या मागे एक घर आहे."

"बघू की," मोरेश्वरराव म्हणाले, आणि खरंच जायचं त्यांच्या मनात आलं असावं. खुर्चीत थोडे पुढे सरकले होते. शुभाताईंनी ताटली मुलाच्या हातात दिली. त्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

तेवढ्यात फोन वाजला. पार्सिपनीहून प्रल्हाद काका, मंडळाचे. फोन स्पीकरवर नव्हता, पण मोरेश्वररावांचं बोलणं पुरेसं होतं.

"बोल प्रल्हाद... नाही रे, बाहेर आहोत. टेक्सासला. परीक्षितकडे... हो हो, मजेत आहे. कामात बुडालेला असतो. आता प्रमोशनही झालं..."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा परीक्षितनं ताटली खाली ठेवली होती.

"बाबा, मी तुमच्या समोर बसलोय."

"अरे, फोनवर काय सगळं सांगत बसायचं. तोंडात आलं, निघून गेलं."

"यू कुड हॅव जस्ट सेड मेक्सिको," परीक्षित म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बाकी काही सांगू नका. पण मी आहे कुठे, तेवढं तरी."

तो उठला. शुभाताई त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेल्या. मोरेश्वरराव खुर्चीतच होते. तो जाताना एकदा तरी मागे बघेल म्हणून ते बघत राहिले. तो उतारावरून दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी शुभाताई उजाडताच गावात गेल्या आणि सूर्य कलल्यावर परतल्या. मोरेश्वररावांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

"बोलला का?"

"माझ्याशी बोलला."

"माझ्याबद्दल?"

शुभाताईंनी संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. "दार पाहिलं मी. फार सुंदर केलंय. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही." मग त्या आत येऊन झोपल्या, भिंतीकडे तोंड करून. माझी भिंत त्यांच्या श्वासानं हलत होती. ती रडण्याची हालचाल होती की नुसत्या श्वासाची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

उरलेले दिवस तसेच गेले. मोरेश्वरराव दोनदा बूट घालून निघाले आणि आवाराच्या फाटकाशी जाऊन परत आले.

निघायच्या सकाळी टॅक्सी आली. शुभाताईंची बॅग गाडीकडे गेलीच नाही.

"मी चौकाजवळ एक खोली घेतलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. मला इथे थोडं राहायचंय. त्याच्यासोबत."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

मोरेश्वरराव गोंधळून उभे राहिले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण लोकांना काय सांगू?"

शुभाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "अजून तेच?" एवढं बोलून त्यांनी बॅग उचलली आणि टेकडी उतरू लागल्या.

मोरेश्वररावांनी मला एकट्यानं उतरवलं. काठी वाकली ती तेव्हा. दंव वाळायची वाट न बघता त्यांनी मला तसंच ओलं गुंडाळलं आणि पिशवीत कोंबलं.

घरी आल्यावर मी गॅरेजमध्ये कुजत पडलो. वर घरात काही आवाज नसायचा. टीव्हीसुद्धा नाही. मोरेश्वरराव कधी कधी गॅरेजमध्ये यायचे, दिवा लावायचे, काय शोधायला आलो ते विसरून परत जायचे. शुभाताईंचा फोन येई. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच. परत कधी येणार, हे यांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बर्फ वितळल्यावर एक दिवस गॅरेजचं दार उघडं असताना समोरच्या सुमित्रा मावशी आल्या. पाडव्याच्या कार्यक्रमासाठी त्यांना शुभाताई हव्या होत्या.

"भाऊजी, शुभा दिसत नाही बरेच दिवस. टेक्सासला का?"

मोरेश्वररावांच्या हातात झाडू होता. तो त्यांनी भिंतीला टेकवला.

"मेक्सिकोत आहे," ते म्हणाले. "परीक्षित तिथे असतो. टेक्सासला तो कधीच नव्हता. सुतारकाम करतो. जुनी दारं दुरुस्त करतो. चांगली करतो म्हणे. मी पाहिली नाहीत."

सुमित्रा मावशी म्हणाल्या, "अय्या, किती छान! आमचा राज मेला दिवसभर स्क्रीनसमोर असतो, साधा खिळा ठोकता येत नाही त्याला." आणि पाडव्याला श्रीखंड कोण करणार, याबद्दल बोलत त्या निघून गेल्या.

एवढंच झालं. ज्याला ते इतकी वर्षं घाबरत होते, ते एवढंच होतं. मोरेश्वरराव गॅरेजच्या पायरीवर बसले आणि त्यांचे खांदे हलू लागले. मग त्यांनी फोन लावला. परीक्षितनं उचलला नाही. त्यांनी निरोप ठेवला, "परीक्षित, मी बाबा. मी सुमित्राला खरं सांगितलं. तुझी दारं बघायला येऊ का? तू म्हणशील तेव्हा येईन." त्यांनी शुभाताईंनाही कळवलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं त्यानं. बोलला काही नाही."

याला आता बरेच आठवडे झाले.

आज दुपारी त्यांनी मला पिशवीतून काढलं. वास येताच तोंड फिरवलं, पण लगेच टाकलं नाही. मला अंगणात नेलं आणि वाकड्या काठीवर उभं केलं. मग आत येऊन मांडी घालून बसले, फोन समोर ठेवून. ऊन उतरेपर्यंत बसले होते. वाऱ्यानं माझं दार फडफडलं की मान वर करून बघत.

माझं सांगून झालं. परीक्षित, तू मला एकदाच हात लावलास, त्या ओळखीवर मागतो. तू त्यांना लगेच माफ कर, असं मी म्हणत नाही. नको येऊ म्हणालास तरी ते ऐकून घेतील. पण काहीतरी म्हण. मी उद्या नसेन, आणि या घरात त्यांच्याजवळ बसून वाट बघायला दुसरं कुणी नाही.