माझ्या पोटातले धवले

मी एक जुना मोबाईल आहे. काच तडकलेली, पाठीला रबर बांधलेलं. तरी सगळे मला नवा म्हणतात आणि त्याचीच मला चीड येते.

माझी मालकीण रविना रानशेतच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. तिची आत्या सोनीबाई धवलेरी होती. मित्रांनो, आमच्याकडे वारल्यांचं लग्न धवलेरी गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. सोनीबाई मांडवाबाहेर एक ओळही गायची नाही, म्हणून रविना मला मांडवातच तिच्यापुढे धरायची. चार उन्हाळे मी ते धवले पोटात साठवले. रविना ते ऐकून शिकत होती, कारण आत्यानंतर तीच गाणार होती.

मग अंगणवाडीच्या हजेरीचं नवं अ‍ॅप आलं. ते माझ्या जुन्या सिस्टीमवर उघडेना. कंपनीने तर माझ्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. डहाणूच्या मोबाईल दुकानातल्या मुकेशने मला दुसऱ्याच फोनसाठी लिहिलेली सिस्टीम बसवायची ठरवली.

“बघ बेन, आतलं सगळं साफ होणार. काय काढून ठेवायचं असेल तं बोल.”

“आत्याचे धवले हायत,” रविना म्हणाली, “पन आत्या हाय ना घरी. लगनाचा मांडव पडला का परत गाईल.”

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

चार दिवस मुकेश माझ्याशी झटला. बोट वर नेलं की पडदा खाली जाई. मग कॅमेरा आंधळा, मग माईक बहिरा. एकेक अवयव त्याने नव्या सिस्टीमला ओळखायला लावला. शेवटी अ‍ॅप उघडलं आणि दुकानात माझं कोण कौतुक झालं!

भातकापणीच्या दिवसांत सोनीबाई तापाने गेली. लग्नाचा मांडव पडायला अजून सहा महिने होते.

वैशाखात लहान्या नावाच्या शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. रविना गायला बसली. तिसऱ्या धवल्यात अडली. पुन्हा पहिल्यापासून गायली, पुन्हा तिथेच अडली. म्हाताऱ्या बायका खाली बघत राहिल्या.

“ऱ्हाऊ दे पोरी,” लहान्या म्हणाला आणि त्याने डीजेवाल्याला खूण केली.

मित्रांनो, मला काचेत ठेवून जपू नका. माणूस गातोय तोवर त्याच्याजवळ बसा आणि मी राखलेलं पुसण्याआधी दोनदा विचार करा.

त्या दिवशी मांडवामागे जाऊन रविनाने मला उघडलं. सगळे कप्पे धुंडाळले. मी तिला खरं तेच दाखवलं. माझ्यात आता भरपूर जागा रिकामी आहे.