गव्हाणीच्या पायाखालची घडी

माझ्या मागच्या डाव्या पायाखाली कागदाची आठ पदरी घडी आहे. हा पाय इतर तीन पायांपेक्षा मिलिमीटरभर आखूड आहे. घडी जराही सरकली, की मी डुगडुगते.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी गव्हाण आहे, जेमतेम वीतभर लांब. खऱ्या गव्हाणीत गुरांचा चारा असतो. माझ्यात नाताळच्या आदल्या संध्याकाळी मातीचा बाळ येशू निजायचा. एका सुताराने खिडक्यांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडापासून मला घडवलं, आपल्या दोन मुलींसाठी. बाळाच्या डोक्याखाली थोरलीने हात द्यायचा, पावलांखाली धाकटीने, असा त्यांच्या आईचा नियम होता. एकटीने ठेवायचं नाही.

मग आई आजारी पडली. धाकटी आली नाही. आई गेल्यावर मी थोरलीकडे आले, बाळ धाकटीकडे गेलं आणि बोलणं थांबलं. दोन वर्षांपूर्वी धाकटीचं पत्र आलं. थोरलीने ते वाचलं, घडीवर घडी घातली आणि माझ्या पायाखाली सारलं. फाडलं नाही, उत्तरही दिलं नाही.

रिकामं असणं म्हणजे निवांत असणं नव्हे. थोरली दिवसातून चारदा येऊन माझ्यातलं गवत सारखं करते आणि काहीतरी विसरल्यासारखी परत जाते. तिच्या येरझाऱ्यांनी मीही हलत राहते.

आज तिच्या नवऱ्याने बाजारातून प्लॅस्टिकचं बाळ आणलं.

"हे बाळ आहे की पैलवान?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघे बाहेर लोंबतायत त्याचे!"

"आई, दुकानात हे एकच उरलं होतं."

त्या वजनाने मी कलंडले. बाळ जमिनीवर गडगडलं. घडी बसवायला नवरा वाकला आणि अक्षर दिसलं म्हणून त्याने ती उलगडली.

"ताई, मी यायला हवं होतं. आईला तशी बघायची भीती वाटली. बाळ घेऊन येऊ का?" त्याने मोठ्याने वाचलं. "हे कधीचं?"

थोरली माझ्यातलं गवत सारखं करू लागली.

"सूनबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या, "पाळणा सजवायचा आणि बाळाला दाराबाहेर ठेवायचं, असं कुठं असतं का गं?"

मित्रांनो, येशूच्या जन्माच्या रात्री बेथलेहेमात त्याच्या आईबापांना 'जागा नाही' म्हणणारा माणूस दुष्ट नसावा. त्याचं घर भरलेलं होतं, इतकंच. थोरलीचं मनही असंच भरलेलं होतं. मला झाडूनपुसून ठेवता, त्याबद्दल आभार. पण देव माझ्या लाकडासाठी येत नाही. तो जागा शोधत येतो, आणि बहुधा ज्याला आपण दाराबाहेर ठेवलं, त्याच्याच हातून येतो.

थोरलीने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. पलीकडून आवाज आला तेव्हा तिची बोटं माझ्या काठावर होती आणि घडीवाचून मी डुगडुगत होते.

"मी बोलतेय, ताई. डोक्याखाली माझा हात, पावलांखाली तुझा. ये गं घेऊन. जागा आहे."