शेऱ्याचा रकाना

“मावशी, इथं फक्त सही करा,” असं म्हणत रविराजने कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. माणूस मोठा लाघवी. गावाच्या पाण्याचा हिशेब मांडायला पुण्याच्या कंपनीने पाठवलेला इंजिनिअर. दोन दिवस ग्रामपंचायतीत बसून कॉम्प्युटर बडवत होता.

मी चष्मा लावला. बारा विहिरींची नावं आणि पुढे आकडे. चावडीपुढची विहीर, काठापासून पाण्यापर्यंतची खोली ६.७०५६ मीटर. सगळ्यात खाली लिहिलेलं, ‘वरील मोजमाप मी स्वतः केले आहे. विजयमाला भिंगारदिवे.’

“हे काय लिवलंय?”

“तुमचेच बावीस फूट, मावशी. मीटरमध्ये केलेत. बावीस गुणिले शून्य पॉइंट तीन शून्य चार आठ.”

“गुनाकार येतो मला. पन सहा पॉइंट सात शून्य पाच सहा मी कवा बघितलं? माझ्या दोरीला फुटाफुटावर गाठ हाय. मधलं अर्धं नजरेनं धरते. हा पाच आन् हा सहा आला कुठनं?”

“कॅल्क्युलेटरमधून!” तो हसला. मी काही हसले नाही. पेनाला टोपण लावलं आणि त्याचं पेन त्याच्या हातात दिलं.

आता कुणी म्हणेल, ही बाई कोण लागून गेली इंजिनिअरला शहाणपण शिकवणारी? तर ऐका. नगरच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं अटेंडंट होते. काचा पुसल्या, तारा गुंडाळल्या, तुटलेल्या लंबकांच्या नोंदी ठेवल्या. अकरावीच्या वर्गाला पहिला धडा सार्थ अंकांचा. पोरं दरवर्षी बदलायची, धडा तोच. म्हणजे पोरांनी तो एकदा ऐकला आणि मी सव्वीस वेळा. त्यातली कितीतरी इंजिनिअर झाली, धडा मात्र माझ्याकडे राहिला.

पोरं लाकडी पट्टीने पेन्सिल तीनदा मोजायची, सरासरी काढायची आणि कॅल्क्युलेटरवर दिसतील तेवढे सगळे आकडे वहीत उतरवायची. रंगनाथ सर ती पट्टी उचलायचे आणि शांतपणे म्हणायचे, “बाळा, या पट्टीत हा आकडा मला दाखव.” पोरगं पट्टी उलटसुलट करून बघायचं. मग सर सांगायचे, “पट्टीवर दिसलं तेवढं खरं. त्यापुढचा एक आकडा नजरेचा अंदाज, तो चालेल. त्याच्या पुढचे सगळे थापा. वहीत छान दिसतात, पण थापा.”

रिटायर होऊन गावी आले, तर ग्रामपंचायतीने विहिरी मोजायचं काम दिलं. नऊ वर्षं झाली. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी लोखंडी वजन बांधलेली नायलॉनची दोरी खांद्यावर टाकायची, बारा विहिरी फिरायच्या आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. तारीख, विहीर, खोली, शेरा. माझा जीव त्या शेऱ्याच्या रकान्यात. पाणी हलत होतं तर लिहायचं, मोटर चालू होती तर लिहायचं. दोरी वापरून वापरून लांबली होती, म्हणून या वर्षी प्रत्येक पानावर लिहिलं होतं, ‘दोरी ताणली आहे. अर्धा फूट कमी-जास्त.’

“माझा शेरा कुठाय?” मी रविराजला विचारलं.

“सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याचा रकानाच नाहीये, मावशी.”

झालं! रकाना नाही म्हणून शंकाही नाही.

कागदाच्या शेवटी ठळक अक्षरात होतं, ‘गावाचे शिल्लक पाणी १.३७४२ कोटी लिटर.’ ती ओळ मी बोट ठेवून दोनदा वाचली. कारण पाणी शिल्लक निघालं तर वरच्या अंगाला ओढ्याकाठी तीन नव्या बोअर घ्यायचा ठराव दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत येणार होता. उन्हाळी कांद्यासाठी. आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. बुद्धविहारापुढची विहीर हीच आमची एक विहीर. मागे वर दोन बोअर झाल्या तेव्हा ती होळीलाच आटली होती. तीन महिने आम्ही बाया दोन किलोमीटरवरून हंडे आणत होतो. शेजारच्या बनुबाईचा खांदा तेव्हा जो धरला तो अजून सुटलेला नाही. म्हणजे त्या कागदावर माझी सही म्हणजे आमची विहीर माझ्याच हाताने आटवायची.

तेवढ्यात सरपंच आले. रामहरी सरपंच माणूस वाईट नाही, फक्त घाई फार.

“मावशी, तुमच्या सहीपायी सभा अडंल. आन् हरकत कशाची? आकडे जास्तच दिलेत की, कमी तर न्हाईत?”

“जास्त दिलेत, त्येच तर दुखनं हाय.”

“तुमी सही केली न्हाई तर मोजायला दुसरं मानूस बघावं लागंल.”

“बघा की. पन त्येच्या हातात दोरी हीच देताल ना?”

सरपंच घड्याळ बघायला लागले. मीही रजिस्टर काखोटीला मारलं आणि घरी आले. फार राग आला होता, खोटं कशाला सांगू.

सकाळी चावडीपुढे सभा भरली. ग्रामसेवक पूजा मॅडमनी इतिवृत्ताची वही उघडली. शिल्लक पाण्याचा विषय आला तशी मी दोरी घेऊन उभी राहिले. मागून कुणीतरी कुजबुजलं, “मोजायला ठिवली आन् मालकीन झाली.” मी ऐकलं. म्हटलं, बोल बाबा.

“सही करते,” मी म्हटलं, “पन आधी तिघांनी माझ्यादेखत ही विहीर मोजायची. पाच पावलांवर तर हाय.”

लोकांना गंमत वाटली, सगळी सभा उठून विहिरीभोवती आली. आधी रविराजने दोरी सोडली. वजन पाण्याला टेकलं, त्याने वाकून गाठी मोजल्या. “बावीस.” मग सरपंचांनी सोडली. “साडेएकवीस दिसतंय.” मग मी बनुबाईला पुढे ओढलं. तिने दुखऱ्या खांद्याने का होईना, सावकाश सोडली, दोनदा खाली-वर करून बघितली. “साडेबावीस,” ती म्हणाली, “आन् मी काय आंधळी न्हाई.”

लोक हसले.

“आता सांगा, कुनाचं खरं?” मी विचारलं. “एक विहीर, एक दोरी, आन् तीन आकडे. रविराज, बाळा, या दोरीत तो पाच आन् सहा मला दाखव.”

त्याने दोरी हातात घेतली. दोन गाठींच्या मधल्या जागेवर अंगठा फिरवला. त्याचं एक मानायला हवं, तोंडाला येईल ते ठोकून दिलं नाही त्याने. कान लाल झाले, दोरी माझ्या हातात परत दिली.

“बाराही विहिरी याच ताणलेल्या दोरीनं मोजल्यात. समद्यांत अर्धा फूट चुकला आसंल, तर गावाचं पानी कितीनं चुकलं? कर हिशेब.”

त्याने मोबाईल काढला. विहिरीत पाणी जिथे, तिथेच जमिनीखालीही, म्हणून तो अर्धा फूट सगळ्या गावाच्या जमिनीवर धरायचा. गावाची जमीन सहाशे चाळीस हेक्टर, मुरूम-दगडात पाणी धरण्याचं प्रमाण दोन टक्के, तेही अंदाजाचंच. बोटं चालली.

“एक पॉइंट नऊ...” तो थांबला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याने शेपूट तोडलं. “दोन कोटी लिटर. जवळजवळ.”

“आन् शिल्लक किती काढलीस?”

“एक पॉइंट तीन सात...” आकडा अर्धाच सोडून त्याने मोबाईल खिशात घातला.

मागच्या बाजूने आवाज आला, “म्हंजी शिल्लक अर्ध्या फुटातच बुडाली की वो!” मघाशी मला मालकीण म्हणणाराच आवाज तो, मी ओळखला.

सरपंच वैतागले. “मग शिल्लक धरायची तरी किती?”

“सांगता येत न्हाई.”

“आसं कसं? कायतरी आकडा पायजेच ना!”

“का पायजे? खरं ठावं न्हाई, हे सांगायला लाज वाटती व्हय? त्या खोट्या चार आकड्यांची वाटू द्या की! दोन बोअर झाल्या तवा आमची विहीर आटली, ते मातर दशांश चिन्हासकट खरं हुतं. ही बनुबाई हितं उभी हाय, इचारा तिला.”

कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. पूजा मॅडमनी सरपंचांकडे बघितलं, सरपंचांनी विहिरीकडे. मग मॅडमनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, “शिल्लक निश्चित सांगता येत नाही. नव्या बोअरचा विषय तहकूब.” त्या ओळीखाली मात्र मी सही केली. टपोरी, पूर्ण नावाची.

पंधरा दिवसांनी पूजा मॅडम घरी आल्या. चहा घेतला, कप रिकामा झाला तरी हातातच धरून बसल्या. पुढच्या महिन्यात विहिरींत यंत्रं बसणार होती, आकडा आपोआप मोबाईलवर जाणार होता. एक तारखेची मोजणी झाली की दोरीचं काम संपलं.

“यंत्राच्या आकड्याला शेरा कोन लिवनार, मॅडम?”

“मी विचारलंय वरती, मावशी. अजून उत्तर नाही.”

मला वाईट वाटलं. फार वाटलं. सव्वीस वर्षं फळ्यावरचे दुसऱ्यांचे आकडे पुसले होते, नऊ वर्षं स्वतःचे लिहिले होते.

एक तारखेला बाराही विहिरी शेवटच्या वेळी फिरले. सगळ्यात शेवटी विहारापुढची, आमची. वजन टेकलं. बनुबाई तिथेच हंडा भरत होती, तिला म्हटलं, “तू बी बग.” दोघींचं जुळलं. चोवीस फूट. लिहिलं. शेऱ्यात नेहमीचं लिहिलं, दोरी ताणली आहे, अर्धा फूट कमी-जास्त.

मग त्याच्या खालची ओळ घेतली. तारखेचा रकाना कोरा ठेवला, विहिरीचा कोरा, खोलीचा कोरा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘यापुढचं मी पाहिलेलं नाही.’ खाली सही केली आणि रजिस्टर नेऊन ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवलं.